चार सेकंदांत काय ते बोला

फळी सैल आहे हे हेल्गेला मे महिन्यापासूनच ठाऊक होतं. धक्क्याच्या टोकाकडून तिसरी, डाव्या अंगाची. कळल्याबरोबर त्यानं कागद घेतला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ही फळी सैल आहे. कृपया हिच्यावर उभं राहू नये. सस्नेह, धक्का समिती,’ आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कठड्याला बांधला. खिळा ठोकायला दोन मिनिटं पुरली असती. पण धक्का सगळ्यांचा, म्हणजे खिळाही सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा प्रश्न ऑक्टोबरातल्या वार्षिक सभेत सुटतो. तो विषय अकराव्या क्रमांकावर घेतलेला होता. आमच्या टॉर्नो बेटावर सभेआधी खिळा ठोकणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

बेटावरच्या एकशे बारा माणसांनी चिठ्ठी वाचली आणि सबंध उन्हाळाभर त्या फळीला वळसा घातला. स्वीडिश वाचता न येणारा माणूस ऑगस्टच्या शेवटी उगवला. नाव फॉल्कर, राहणार बर्लिन, वय एकोणसत्तर, रंगभूमीवर जन्मभर राजे केलेला नट. आमच्या बेटावर एका जर्मन सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं आणि त्यात तो म्हातारा कोळी झाला होता. मनातलं दुःख मनातच गिळतोय हे दाखवायला त्यानं एक पाऊल मागं घेतलं, ते नेमकं त्या फळीवर. हेल्गेनं होडी ओढायच्या आकड्यानं त्याला पाण्यातून वर काढला. घोटा मोडला होता. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यानं कठड्यावरच्या कागदाकडं बोट दाखवलं आणि त्यावर काय लिहिलंय म्हणून विचारलं. आमच्या शाळेत जर्मन शिकवणारी अनेली सिनेमावाल्यांची दुभाषी होती. तिनं अक्षरन् अक्षर भाषांतर करून सांगितलं. ‘सस्नेह’ ऐकल्यावर फॉल्करनं डोळे मिटून घेतले.

आता या सिनेमाबद्दल. हॅम्बुर्गचे चार मित्र, दोन मुलगे आणि दोन मुली, उन्हाळा घालवायला स्वीडनला येतात आणि एका बेटावर महिनाभर राहतात. त्या महिन्यात चौघांची एकमेकांवर आळीपाळीनं प्रेमं बसतात, उठतात आणि पुन्हा दुसरीकडं बसतात. आणि प्रेम बसलं की हे लोक गप्प राहत नाहीत, समोरच्याला लगेच सांगून टाकतात. जेवताना सांगतात, पोहताना सांगतात, एकानं तर सायकलवरून उतरायच्या आधीच सांगितलं. आम्ही चाळीस गावकरी मागं गर्दी म्हणून उभे असायचो. पहिल्या दिवशी आम्ही सगळे लाजून समुद्राकडं बघत राहिलो, तेव्हा दिग्दर्शक डिर्कला वाटलं की तिकडं काहीतरी बुडतंय.

गर्दीच्या बाबतीतही त्याला आमच्यापायी फार सोसावं लागलं. बोटीसाठी गर्दी करा म्हटलं की आमची आपोआप रांग व्हायची, दोन माणसांत दीड मीटर अंतर ठेवून. "गर्दी!" डिर्क ओरडायचा. "एकमेकांना खेटा! हसा! ही जत्रा आहे!" आम्ही विचार करून अंतर सव्वा मीटरवर आणलं. याहून जवळ म्हणजे नातेवाईक, असं आमच्या रूटआजीनं त्याला कळवलं. रूट चौऱ्याऐंशी वर्षांची. गावकऱ्यांच्या वतीनं कंपनीशी करार तिनंच केला होता: आम्ही बोलणार नाही, कॅमेऱ्यात बघणार नाही, काही झालं तरी चेहऱ्यावर काही दाखवणार नाही, आणि दहा वाजता व तीन वाजता कॉफी. यातलं पहिलं सगळं आम्ही एरवीही करतोच, त्यामुळे कंपनीला काय मिळालं असा प्रश्न आहे.

तर त्या चौघा मित्रांना धडा मिळावा म्हणून गोष्टीत एक म्हातारं जोडपं घातलेलं होतं. जोडपं म्हणजे, होता होता राहिलेलं. म्हाताऱ्या कोळ्याचं त्या चौघांच्या घरमालकिणीवर वर्षानुवर्षं प्रेम, पण बोलायची छाती नाही. शेवटी ती बेट सोडून निघते, तेव्हा धक्क्यावर तो म्हणतो, ‘जाऊ नकोस.’ ती म्हणते, ‘आता फार उशीर झाला,’ मान हलवते आणि बोटीत चढते. ते बघून तरुणांचे डोळे उघडतात आणि ते पळत जाऊन एकमेकांना पुन्हा एकदा सगळं सांगतात.

फॉल्करला दवाखान्याच्या बोटीत चढवल्यावर हेल्गे डिर्कपुढं जाऊन उभा राहिला. वय चौसष्ट, पांढरी दाढी, वाऱ्यानं रापलेला चेहरा, जन्मभर मोठ्या जहाजांना बंदरात वाट दाखवलेली. धक्क्याची देखभाल समितीनं त्याच्याकडं दिली होती, आणि त्या दिवशी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"अनेली, त्यांना सांग, चूक माझी आहे. चिठ्ठी जर्मनमध्येही लिहायला हवी होती. भरपाई म्हणून मी काय करू?"

डिर्कनं त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग दोन पावलं मागं जाऊन एक डोळा मिटून न्याहाळलं. "कोळ्याचं काम करा," तो म्हणाला.

"मला अभिनय येत नाही."

"कोण करा म्हणतंय? नुसतं उभं राहायचं आणि दुःखी दिसायचं. तुम्ही आत्ताही दिसताय."

हेल्गेला नाही म्हणता येईना. माणूस पडला होता तो त्याच्या फळीवरून. त्यानं सही केली. पण वेळापत्रक दोन दिवस पुढं ढकलावं लागलं आणि तेवढ्यात घरमालकिणीचं काम करणाऱ्या बाईंच्या तारखा संपल्या. त्यांचं व्हिएन्नाला नाटक होतं. त्या एप्रन सोडून निघून गेल्या. डिर्क धक्क्यावरच्या कॅफेत डोकं धरून बसला आणि त्याच्यापुढं कॉफी ठेवायला सोल्वेग आली. कॅफे तिचाच. सिनेमातल्या घरमालकिणीचा एप्रन, अंबाडा, चष्मा, सगळं तिच्यावरूनच उचललेलं होतं. डिर्कनं वर बघितलं आणि त्याला साक्षात्कार झाला.

सोल्वेगनं तीनदा नाही म्हटलं. तेव्हा डिर्कनं अनेलीकरवी सांगितलं की मग चाळीस माणसांची दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाईल. सोल्वेगला काय वाटेल ते सांगा, ती बधायची नाही. पण आपल्यामुळं कुणाची तरी गैरसोय होईल एवढं ऐकलं की संपलं. तिनं हात पुसले आणि सही केली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सोल्वेग त्या गुरुवारी बेट सोडून खरोखरच जाणार होती. ती एकसष्ट वर्षांची, विधवा, मूल ना बाळ. घर आणि कॅफे एका दंतवैद्याला विकायचं ठरलं होतं, गुरुवारी सकाळी कागद होणार होते आणि दुपारच्या बोटीनं सामान गॉथेनबर्गला बहिणीकडं. आणि हेल्गे नऊ वर्षं, उन्हाळा असो की हिवाळा, रोज सकाळी दहाला कॅफेत खिडकीपाशी बसायचा, एक कॉफी घ्यायचा, "बरी आहे" म्हणायचा आणि निघून जायचा. त्याच्या पोटात काय आहे ते बेटावरची शेंबडी पोरंसुद्धा जाणून होती. पण दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसणं इथं बसत नाही. ती जाणार हे वसंतात कळल्यापासून सगळं बेट मूग गिळून होतं, आणि हेल्गे आमच्या सगळ्यांच्या वरचढ.

मंगळवारी दुपारी एक वाजता शॉट लागला. आम्ही चाळीस जण मागं कॅफेच्या टेबलांवर आणि धक्क्यावर. डिर्कनं अनेलीला पुढं घेतलं.

"त्यांना सांग, मागून सगळ्याला जर्मन आवाज देणार आहोत. त्यामुळं शब्द कुठलेही चालतील. त्यांच्या भाषेत काहीही बोलू देत. फक्त ओठ हलले पाहिजेत आणि चेहऱ्यावर निरोपाचं दुःख पाहिजे. आणि थोडक्यात! प्रत्येकाला चार सेकंद."

"काहीही?" हेल्गेनं विचारलं.

"काहीही म्हणताहेत," अनेली म्हणाली.

हेल्गेच्या जिवात जीव आला. ‘जाऊ नकोस’ म्हणायचं नाही तर. एवढ्या लोकांत ते कसं म्हणणार, या काळजीनं त्याला रात्रभर झोप नव्हती. सोल्वेग रिकामी सुटकेस हातात घेऊन समोर उभी राहिली. कॅमेरा सुरू झाला.

"सोल्वेग," हेल्गे म्हणाला, "तुझ्या मागच्या दाराची बिजागरी करकरते. गुरुवारच्या आत तेल घालून देतो."

"असू दे. नवीन माणूस घालेल."

"म्हणजे दंतवैद्य."

"हो. उन्हाळ्यात तीन आठवडे येणारेत ते."

"मग उरलेले एकोणपन्नास आठवडे दार करकरणारच नाही," हेल्गे म्हणाला आणि त्याचा आवाज जरा कातरला.

"कट!" डिर्कनं अनेलीचं मनगट धरलं. "बघितलंस त्याच्या डोळ्यांत? काय म्हणाला तो?"

अनेलीनं क्षणभर विचार केला. "साधारण, जाऊ नकोस असंच."

"उत्तम! पुन्हा एकदा. पण चार सेकंद म्हणजे चार सेकंद."

दुसऱ्या वेळी हेल्गेनं विचारलं की सामानाला किती खोकी झाली. तिसऱ्या वेळी त्यानं सांगितलं की त्याच्याकडं चांगली दोरी आहे. सोल्वेग त्याला दर वेळी नीट उत्तर देत होती आणि दर वेळी मान हलवून बोटीच्या दिशेनं चार पावलं जात होती, कारण तसं ठरलं होतं. मागं बसलेल्या आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत होता. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं कबूल केलेलं असल्यामुळं आम्ही कपाकडं बघत होतो. रूटआजीनं ओठ न हलवता माझ्याकडं वळून म्हटलं, "दोरी! देवा, उचल रे मला." मी तिला करारातल्या पहिल्या कलमाची आठवण करून दिली.

चौथ्या वेळी हेल्गे म्हणाला, "गॉथेनबर्गला बहिणीकडून समुद्र दिसतो का?"

सोल्वेगनं सुटकेस खाली ठेवली. सिनेमात असं नव्हतं.

"बाल्कनीतून गाड्या लावायची जागा दिसते," ती म्हणाली. "पण बहीण बोलते."

"काय बोलते?"

"काहीही. सकाळी उठल्यापासून बोलते. मागच्या हिवाळ्यात, हेल्गे, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तू माझ्याशी किती शब्द बोललास?"

"मोजले नाहीत."

"मी मोजले. ‘बरी आहे.’ दोन. रोज तेच दोन. बाहेर तीन वाजता अंधार पडतो आणि माझ्या घरात दिवसभरात दोन शब्द."

"कॉफी खरंच बरी असते गं," हेल्गे म्हणाला.

"कट! अहाहा!" डिर्कच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "सुटकेस खाली ठेवली! मी सांगितलं नव्हतं! हिला आतून सुचलं! ती काय म्हणाली?"

"उशीर झाला, अशा अर्थाचं," अनेली म्हणाली. ती आमच्याच बेटाची, त्यामुळं रडण्याऐवजी तिनं खोकल्यासारखं केलं.

"पण लांबलं. मुलांनो, चार सेकंद!"

आमच्याकडं पंतप्रधान आले तरी त्यांना ‘तू’च म्हणतात, त्यामुळं मुलांनो म्हटल्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण चार सेकंदांचं हेल्गेला फारच लागलं. तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि बुटांकडं बघत राहिला. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वेळी तो काही बोललाच नाही. तोंड उघडायचा, मिटायचा. सोल्वेग वाट बघायची. डिर्क घड्याळ धरून उभा. अकरा सेकंद, चौदा सेकंद, एकोणीस सेकंद.

आठव्या वेळी सोल्वेगच म्हणाली, "हेल्गे, परवा गुरुवार."

"माहीत आहे."

"मग तुला तिसरा शब्द येतो का ते मला आज कळू दे. यायलाच हवा असं माझं म्हणणं नाही. नसेल तर नसेल. सामान बांधायला बरं."

हेल्गेची दाढी थरथरली. त्यानं श्वास घेतला, छाती भरून घेतला. आम्ही चाळीस जण कपात बघायचं विसरून सरळ त्याच्याकडं बघत होतो. कॅमेरावाला पुढं सरकला. हेल्गे म्हणाला, "सोल्वेग, मी नऊ वर्षं—"

आणि तीन वाजले.

मी कुणाला दोष देत नाही. रूटआजी सत्तर वर्षं तीन वाजता उठतेय. तिचे पाय तिला न विचारता उठले. ती उठली म्हणून आम्ही उठलो. चाळीस खुर्च्या एकदम सरकल्या. आम्ही उठलो म्हणून सोल्वेगची नजर घड्याळाकडं गेली, आणि चाळीस माणसांची कॉफी तिलाच ओतायची होती. "आलेच," ती म्हणाली आणि सुटकेस तिथंच सोडून आत गेली. हेल्गे अर्ध्या वाक्यावर उभा होता. मग तोही आमच्या मागोमाग रांगेत येऊन लागला. तीन म्हणजे तीन.

डिर्क जर्मनमध्ये जे बोलला त्याचं अनेलीनं भाषांतर केलं नाही.

कॉफीच्या वेळी कुणी काही विचारलं नाही. वारा वायव्येचा आहे यावर आमचं एकमत झालं. टेबलावर वेलदोड्याच्या पावांचं ताट होतं. सगळ्यांनी एकेक घेतला आणि शेवटी नेहमीप्रमाणं एक उरला. शेवटचा कुणी घेत नसतो; घेतला तर तो हावरा, आणि ते नाव मग पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. पोस्टातल्या रुनेनं सुरी घेऊन त्याचा अर्धा भाग कापून घेतला. कुणीतरी उरलेल्याचा अर्धा घेतला. तो तुकडा ताटात तसाच बसून राहिला आणि ताट फिरत फिरत हेल्गेपुढं आलं.

"घे," रूटआजी म्हणाली.

"शेवटचा आहे," हेल्गे म्हणाला.

"म्हणूनच म्हणतेय. घे मेल्या, आख्खा घे. इथं कुणाला नकोय तो. सगळे तुझ्याचसाठी थांबलेत."

हेल्गेनं सुरी उचलली, त्या पावाच्या तुकड्याचे दोन भाग केले, एक घेतला आणि ताट पुढं सरकवलं. रूटआजीनं कपाळावर हात मारून घेतला. काउंटरमागं सोल्वेग किटली घेऊन उभी होती. तिनं सगळं बघितलं, किटली खाली ठेवली आणि एप्रनच्या गाठीशी उगाचच चाळा करत राहिली. तिचे डोळे भरले होते. मला हेल्गेचा मनापासून राग आला आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटलं, कारण त्याच्या जागी मी असतो तर मीही अर्धाच घेतला असता.

आता एकच शॉट उरला होता. चार वीसची बोट येणार, सोल्वेग तिच्यात चढणार, बोट सुटणार आणि हेल्गे धक्क्याच्या टोकावर एकटा. डिर्कला ते शेवटचं चित्र हवं होतं. तीस सेकंद, नुसता एक माणूस आणि लांब जाणारी बोट. त्यानं बोटीच्या कंपनीकडं दहा मिनिटं मागितली होती. कंपनीनं कळवलं की बोट चार वीसला लागते आणि चार चोवीसला सुटते. सिनेमात प्रेम असल्याचं वाचून आनंद झाला, असंही खाली लिहिलं होतं. त्यात साडेचारनंतर ऊन डोंगराआड जातं. म्हणजे संधी एकच.

"तिला खरोखर पलीकडं जावं लागेल," अनेलीनं समजावलं. "परतीची बोट सहा पस्तीसला आहे."

"जाईन," सोल्वेग म्हणाली. "पलीकडं थोडी खरेदी करते."

"आणि सांग तिला," डिर्क म्हणाला, "काही झालं तरी मान हलवून नकार द्यायचा आणि चढायचं! ती राहिली तर माझ्या पोरांनी शिकायचं काय?"

बोट लागली. आम्ही बोटीच्या रांगेत उभे राहिलो, मी सातवा. कॅमेरा सुरू झाला. सोल्वेगनं सुटकेस उचलली. हेल्गे तिच्यापुढं येऊन उभा राहिला आणि काय झालं कोण जाणे, त्यानं टोपी काढली. हेल्गेला टोपीशिवाय बेटावर कुणी बघितलेलं नव्हतं.

"सोल्वेग," तो म्हणाला, "जाऊ नकोस. मी दहाला येतो तो कॉफीसाठी येत नाही. कॉफी माझ्या घरीही आहे. मी तुला बघायला येतो. मला दुसरं काही येत नाही. तू राहा."

चार सेकंदांपेक्षा जास्तच झालं. पण डिर्कनं घड्याळाकडं बघितलंच नाही. अनेलीच्या हातून कागद खाली पडले आणि तिनं ते उचलले नाहीत. आम्ही रांगेत सही केल्याप्रमाणं उभे होतो. माझ्यापुढचा रुने खांद्यांतून हलत होता, तेवढं सोडून.

सोल्वेगनं हेल्गेकडं बघितलं. मग कॅमेऱ्यामागं बघितलं. तिथं डिर्क तिला आठवण करून द्यायला स्वतःच जोरजोरात मान हलवत होता. बोटीवरच्या माणसानं घड्याळाकडं बघून चढायची फळी आत ओढायला हात घातला. सोल्वेगनं डोळे मिटले, मान हलवली, नाही, आणि बोटीत चढली. चार चोवीस झाले आणि बोट सुटली.

हेल्गे टोपी हातात धरून धक्क्याच्या टोकापर्यंत गेला. तिथं तो उभा राहिला आणि त्याचे हात लोंबले. आम्हाला कुणालाच कळेना की ती मान सिनेमाची होती की खरी. विचारणार कोण? जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा असं चाळीस जणांच्या मनात आलं असेल, पण सव्वा मीटर म्हणजे सव्वा मीटर. त्याच्या गालावरून पाणी दाढीत उतरत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"कुणी हलू नका," डिर्क कुजबुजला. "जन्मात असं चित्र मिळत नाही. दहा सेकंद. अकरा. बारा."

तेव्हा हेल्गेच्या खिशात फोन वाजला.

वाजणारा फोन उचलायचा असतो. हेल्गेनं टोपी काखेत धरली आणि फोन काढला.

"हेल्गे बोलतोय."

बोट फार लांब गेली नव्हती. मागच्या कठड्यापाशी सोल्वेग कानाला फोन लावून उभी होती आणि तिचा आवाज फोनच्या आधी पाण्यावरूनच येत होता.

"मी बोलतेय."

"दिसतेस," हेल्गे म्हणाला.

"मान हलवली ती त्या जर्मन माणसासाठी. मी सही केली होती. त्याची गैरसोय कशाला."

"हं."

"आता तुझं उत्तर. राहते मी. दंतवैद्याला आत्ता कळवते आणि मग बहिणीला. ती खूप बोलेल."

"हं," हेल्गे म्हणाला. ते कमी पडलं असं त्यालाच वाटलं असावं. "सोल्वेग, मी इथंच थांबतो. तू सहा पस्तीसला येईपर्यंत वाट बघतो."

"बघ," ती म्हणाली. "दोन तास काही फार नाहीत. मी नऊ वर्षं बघितली."

हेल्गेनं फोन खिशात ठेवला. आम्ही चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एवढा त्रास कुठलाही करार पाळताना आम्हाला झाला नव्हता. पण हेल्गेच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरायला लागलं. ते दाढीतून वर गेलं, डोळ्यांपर्यंत गेलं आणि तिथं मुक्कामच ठोकून बसलं.

"हा हसतोय!" डिर्कनं डोक्याला हात लावला. "ही बाई याला सोडून गेली आणि हा हसतोय! अनेली, त्याला सांग, तिनं नकार दिलाय! याचं जग बुडालंय! ऊन जातंय!"

अनेली नाक पुसत धक्क्याच्या टोकाशी आली.

"हेल्गे, ते म्हणताहेत, दुःखी दिस. तीसच सेकंद."

हेल्गेला फॉल्करचा घोटा विसरता येत नव्हता. त्यानं खरोखर प्रयत्न केला. भुवया खाली ओढल्या, ओठ आवळले, मेलेल्या कुत्र्याची आठवण काढली. चेहरा दोन सेकंद जागेवर राहिला आणि पुन्हा सुटला. त्यानं तोंड फिरवून गाल चोळले आणि परत वळला. तोवर तर दातही दिसायला लागले होते. असं तीनदा झालं.

"जमत नाही गं," तो ओशाळून म्हणाला. "त्यांची माफी माग."

"उद्या परत करू या का म्हणताहेत."

हेल्गेनं ठिपक्याएवढ्या झालेल्या बोटीकडं बघितलं आणि प्रामाणिकपणे विचार केला. उगाच खोटी आशा लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"उद्याही जमेलसं वाटत नाही," तो म्हणाला. "आणि परवाचंही त्यांनी काही धरून चालू नये."